चालू सामन्यात वादळाचा इशारा: विदर्भाच्या गावांत काय शक्य आहे

भंडारा जिल्ह्यातील एका तरुण कास्तकाराचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. मे महिन्यातील एका रविवारी गावातील वीस-पंचवीस जण चौकातील पानटपरीवर आणि आजूबाजूच्या घरांत आयपीएलचा दुपारी 3.30 चा सामना पाहत होते. पावणेसहाच्या सुमारास वादळ आले, गारा पडल्या, वावरात कापून ठेवलेला उन्हाळी धान भिजला आणि त्यांच्या काकांची बैलजोडी झाडाखाली वीज पडून दगावली. हवामान विभागाचा तातडीचा इशारा पाच वाजण्यापूर्वीच निघाला होता, हे त्यांना दुसऱ्या दिवशी समजले. अमेरिकेत वादळ जवळ आले की टीव्हीवरचा सामना मध्येच थांबवून इशारा देतात; मग आपल्याकडे तसे का होत नाही आणि व्हावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी 31 वर्षे प्रक्षेपणाच्या तांत्रिक कामात होतो. त्यातील पहिली वर्षे विदर्भातील एका तालुक्याच्या गावी टीव्ही प्रक्षेपण केंद्रात गेली, आणि शेवटची वर्षे जिल्ह्याच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाशी समन्वय ठेवण्यात. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की संपूर्ण सामना थांबवण्याची गरज फार क्वचित असते. परंतु ज्या तालुक्यावर ढग चालून येत आहे, त्या तालुक्यातील पडद्यावर इशारा उमटलाच पाहिजे, आणि आज उपलब्ध असलेल्या यंत्रणेतूनही ते बऱ्याच अंशी साधता येते.

अमेरिकेबद्दल एक गैरसमज प्रथम दूर करतो. तेथे प्रत्येक वादळासाठी सामना थांबवण्याची कायद्याची सक्ती आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तेथील आपत्कालीन इशारा यंत्रणेत राष्ट्रीय पातळीवरचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारातील संदेश दाखवणे तेवढे केंद्रांना बंधनकारक असते. हवामानाचे स्थानिक इशारे दाखवायचे की नाही, हे प्रत्येक केंद्र ठरवते. तरीही ती केंद्रे सामना थांबवतात, कारण त्यांची रचनाच तशी आहे. मोठ्या वाहिनीचा सामना तेथे थेट उपग्रहातून घरात येत नाही. तो त्या त्या शहरातील स्थानिक केंद्राच्या हातून पुढे जातो, त्या केंद्राचा स्वतःचा हवामानतज्ज्ञ असतो, आणि त्याच्यासमोरच्या नकाशावर 2007 पासून पूर्ण परगण्याऐवजी वादळाच्या प्रत्यक्ष वाटेएवढाच बहुकोनी पट्टा आखलेला येतो. विजांच्या साध्या वादळाला पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा आणि खाली सरकती पट्टी पुरते, पण टॉर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या विध्वंसक वावटळीचा, इशारा असेल तर सामना बाजूला सारून तज्ज्ञ स्वतः बोलू लागतो.

तेथील प्रेक्षक हे समजुतीने घेतात, असेही नाही. 14 एप्रिल 2019 रोजी ऑगस्टा येथे मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा अखेरचा दिवस होता आणि टायगर वुड्स आपल्या पाचव्या मास्टर्स विजेतेपदाच्या वाटेवर होता. अटलांटातील एका केंद्राने टॉर्नेडोच्या इशाऱ्यासाठी ते प्रक्षेपण काही मिनिटे थांबवले, तेव्हा त्या केंद्राच्या हवामान निवेदिकेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षी 27 मे रोजी ओहायो राज्यातील डेटन येथे एका लोकप्रिय मनोरंजन कार्यक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा हवामानतज्ज्ञाने चालू प्रक्षेपणातच प्रेक्षकांना खडसावले; त्या रात्री डेटन परिसरात ईएफ-4 तीव्रतेचा, म्हणजे अतिशय विध्वंसक, टॉर्नेडो उतरला. ही उदाहरणे मी प्रेक्षकांना दोष देण्यासाठी सांगत नाही. आपल्या घरावर ढग नसताना सामना थांबला तर माणूस चिडतो, आणि त्याच्या त्या चिडण्याला थोडा अर्थ आहे. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीन वेळा रणजी करंडक जिंकला आहे. आमच्या खेड्यापाड्यांत क्रिकेट किती जिवाभावाने पाहिले जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून व्यत्यय आणायचा तर तो नेमका असावा, एवढाच धडा मी त्यातून घेतो.

आता आपल्याकडची अडचण पाहू. आपल्याकडे क्रीडा वाहिनीचा संकेत एका ठिकाणाहून उपग्रहावर चढतो आणि भाषेचे फरक सोडले तर तोच देशभर उतरतो. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यासाठी सामना थांबवायचा म्हटले तर तो चेन्नईतही थांबेल. मधल्या पातळीवर ज्याच्या हाती कळ असेल असे कोणी नाही. मी ज्या लहान प्रक्षेपण केंद्रात काम केले, तेथेही आम्ही उपग्रहाचा संकेत घेऊन जसाच्या तसा पुढे पाठवत होतो. त्यावर दोन ओळी लिहिण्याचे यंत्रसुद्धा आमच्याकडे नव्हते. पुढे केबल आली, तिच्यामागून डिश आली, परंतु ही पोकळी भरून निघाली नाही. केबलचालकाची स्वतःची स्थानिक वाहिनी असते आणि तिच्यावर तो हवी ती पट्टी लावू शकतो, मात्र दुसऱ्याच्या क्रीडा वाहिनीच्या चित्रावर काही लिहिण्याची मुभा त्याला करारानुसार नसते.

या पोकळीची किंमत मी जवळून पाहिली आहे. एका वर्षी नियंत्रण कक्षात संध्याकाळी पाचच्या आधी हवामान विभागाचा नारंगी, म्हणजे पिवळ्याहून गंभीर आणि लालच्या खालोखालचा, इशारा आला. मी तालुक्याच्या केबलचालकाला फोन केला आणि त्या भल्या माणसाने दहा मिनिटांत आपल्या स्थानिक वाहिनीवर पट्टी सुरू केली. पण सगळे गाव सामन्यावर होते, त्यामुळे ती पट्टी कोणीच पाहिली नाही. त्या संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली थांबलेला एक गुराखी गेला. त्याचा मुलगा चौकातच सामना पाहत बसला होता, हे मला नंतर कळले. तेव्हापासून लोक ज्या पडद्यासमोर बसले आहेत त्याच पडद्यावर इशारा गेला पाहिजे, यावर मी अडून आहे.

त्या पडद्यापर्यंत जाण्याची वाट सेट-टॉप बॉक्समध्ये आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. डिजिटल केबल आणि सशुल्क डिशच्या बॉक्ससाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ज्या तांत्रिक अटी घातल्या आहेत, त्यांत पडद्यावर संदेश दाखवण्याची सोय ही एक अट आहे. तो संदेश सर्व बॉक्सना, बॉक्सच्या ठरावीक गटाला किंवा एकाच बॉक्सला पाठवता आला पाहिजे आणि तो किमान 120 अक्षरांचा असला पाहिजे. रिचार्ज संपत आल्याची सूचना चालू सामन्यावर उमटते, ती याच सोयीतून. प्रत्येक बॉक्स कोणत्या गावात आहे, हे ग्राहक-नोंदीत असते. तेव्हा पवनी तालुक्यातील सर्व बॉक्सचा एक गट आधीच बांधून ठेवला, तर सामना न थांबवता आणि चेन्नईच्या प्रेक्षकाला कळूही न देता, पवनीच्या पडद्यावर इशारा उमटू शकतो. मोबाइलवर सामना दाखवणाऱ्या ॲपना तर हे आणखी सोपे आहे. प्रेक्षकाचे ठिकाण पाहून वेगवेगळ्या जाहिराती दाखवण्याचे तंत्र तेथे रुळलेले आहे, आणि ज्या तंत्राने जाहिरात पोहोचते त्याच तंत्राने इशाराही पोहोचेल.

कायद्याची बाजूही रिकामी नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 67 नुसार राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरण सरकारकडे शिफारस करू शकते, आणि सरकारने निर्देश दिल्यास दृकश्राव्य माध्यमांना संभाव्य आपत्तीचा इशारा प्रसारित करावा लागतो. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अडचण वेळेची आहे. शिफारस, निर्देश आणि अंमलबजावणी हा प्रवास वादळ डोक्यावर आल्यावर सुरू केला तर त्याचा उपयोग नाही. हवामान विभागाचा ठरावीक रंगाचा इशारा आला की ठरावीक गटाच्या बॉक्सवर ठरावीक मजकूर जाईल, असा निर्णय हंगामापूर्वी लेखी करून ठेवला पाहिजे. माझ्या सेवाकाळात आमच्या जिल्ह्यात तो झाला नाही, याची मला आजही खंत आहे.

एक मोठी मर्यादा येथे सांगितलीच पाहिजे. आमच्या खेड्यांत डीडी फ्री डिश भरपूर आहे, आणि तिचे साधे बॉक्स नोंदणीचे नसतात. कोणता बॉक्स कोणाकडे आहे हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे त्यांचा तालुकावार गट करता येत नाही. भारतीय संघाचे महत्त्वाचे सामने 2007 च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यामुळे दूरदर्शनवरून फ्री डिशवर दिसतात, म्हणजे ज्या दिवशी सर्वाधिक लोक पडद्यासमोर असतात त्याच दिवशी ही वाट बंद असते. त्या प्रेक्षकांसाठी मोबाइलवरचा इशाराच खरा, आणि त्याकडे मी शेवटी येतो.

टीव्ही पाहणारा माणूस घरातच असतो, मग त्याला विजेचा इशारा कशाला, असा आक्षेप मला अनेक बैठकांत ऐकावा लागला. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आमचे गाव पाहिलेले नसते. सामना पाहणाऱ्याची आई सरपण आणायला गेलेली असते, भाऊ तेंदूपत्ता तोडायला जंगलात असतो, ढोरे चरायला असतात, मिरची अंगणात वाळत असते आणि धानाच्या कडपा वावरात पसरलेल्या असतात. तो प्रेक्षक घरात सुरक्षित असला तरी बाहेरच्या सहा जणांपर्यंत निरोप नेणारा माणूस तोच असतो. शिवाय प्रत्येक प्रेक्षक घरात असतो, हेही आता खरे राहिलेले नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला जे जागलीला जातात, ते रात्रीचा सामना मचाणावर बसून मोबाइलवर पाहतात, आणि मोकळ्या वावरातील मचाण ही विजेच्या दृष्टीने अत्यंत धोक्याची जागा आहे. (मोबाइल वीज ओढून घेतो हा समज मात्र चुकीचा आहे, धोका उंच आणि उघड्या जागेचा असतो, तसेच भिंतीतल्या तारेला जोडून चार्जिंगला लावलेला फोन हाती धरण्याचा असतो.) 2019 ते 2022 या वर्षांत देशात विजेने दरवर्षी सुमारे 2,800 ते 2,900 माणसे दगावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आहे.

वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जोराचा पाऊस सुरू झाला की डिशचे चित्र फुटते, हे सर्वांनी अनुभवले आहे. या डिश ज्या केयू बँडच्या लहरींवर चालतात त्या लहरी पावसाचे थेंब शोषून आणि विखरून टाकतात. काही जण चित्र फुटणे हाच इशारा मानतात. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे विदर्भातील डिश आग्नेयेकडे तोंड करून जमिनीशी सुमारे 60 अंशांच्या कोनात वर पाहते. पाऊस साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत धरला, तर ढगाची सर घरापासून तीनेक किलोमीटरच्या आत आल्याशिवाय चित्र फुटणार नाही, आणि वीज तर ढगाच्या मुख्य गाभ्यापासून दहा किलोमीटरवरही पडू शकते. वादळ वायव्येकडून येत असेल तर चित्र फुटेपर्यंत ते छपरावर आलेले असते. त्यातच वीजपुरवठा खंडित होतो आणि पडदा काळा पडतो. याचा अर्थ टीव्हीवरचा इशारा वादळाच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी गेला तरच तो दिसेल.

सुदैवाने तेवढा अवधी बहुधा मिळतो. हवामान विभागाचे नागपूरचे प्रादेशिक केंद्र पुढील तीन तासांसाठी तातडीचे अंदाज देते आणि नागपूरच्या डॉप्लर रडारवर उभा राहणारा ढग दिसत असतो. मात्र नागपूरपासून बुलढाणा सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर आणि सिरोंचा सुमारे 270 किलोमीटर आहे; पृथ्वीच्या गोलाईमुळे 200 किलोमीटरवरच रडारचा सर्वांत खालचा किरण जवळपास चार किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळे दूरच्या टोकांना मिळणारा अवधी कमी भरतो.

सामन्याच्या कोणत्या क्षणी इशारा द्यावा, याचा मी एकदा बसून हिशेब केला होता. एका षटकाला साधारण चार मिनिटे लागतात. उन्हाळी वादळ ताशी 40 किलोमीटर वेगाने सरकते असे धरले, तर षटक संपेपर्यंत थांबल्याने वादळ आणखी अडीच-पावणेतीन किलोमीटर जवळ येते. तीस किलोमीटरवरच्या ढगासाठी ही किंमत परवडणारी आहे, कारण चेंडू पडत असताना आलेली पट्टी लोक वैतागून टाळतात आणि षटकाच्या मधल्या जाहिरातीच्या वेळी आलेली पट्टी वाचतात. आयपीएलमध्ये अडीच मिनिटांचे धोरणात्मक विश्रामही असतात. म्हणून नारंगी इशाऱ्याला षटक संपण्याची वाट पाहावी, लाल इशाऱ्याला एक चेंडूही थांबू नये, आणि पिवळ्या इशाऱ्याला पडद्यावर काहीच दाखवू नये, असे माझे मत आहे. शेवटच्या मुद्द्यावर माझे सहकाऱ्यांशी पुष्कळ वाद झाले. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पिवळा इशारा इतक्या वेळा येतो की रोज पट्टी दिसली तर दहाव्या दिवशी लोक तिच्याकडे पाहणे सोडतील आणि नेमक्या त्या दिवशी घात होईल.

पूर्ण चित्र थांबवण्याचा प्रसंग मी एकाच प्रकारासाठी राखून ठेवीन, आणि तो म्हणजे नदीचे पाणी. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त झाले आणि 204 माणसे गेली, तेव्हा मी नोकरीत नवीन होतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर धरणाचे पाणी वैनगंगेत आले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतची गावे पाण्यात गेली, तेव्हा मी निवृत्तीच्या जवळ होतो. वीज एका झाडावर पडते, पण धरणातून सोडलेले पाणी नदीकाठच्या प्रत्येक गावाकडे येते, आणि ते येणार असल्याचे काही तास आधी समजलेले असते. असा इशारा असेल तेव्हा नदीकाठच्या तालुक्यांतील बॉक्सवर सामन्याचे चित्र पूर्ण झाकून, आवाज बंद करून, मराठीत मोठ्याने वाचलेला संदेश गेला पाहिजे, मग धावफलक काहीही असो.

मजकुराबद्दल मी फार काटेकोर आहे. “जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस” हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असले तरी त्याने कोणी जागचे उठत नाही. यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत आणि गडचिरोलीचे क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आहे. “जिल्ह्यात” म्हणजे नेमके कोठे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मी असा मजकूर लिहीन: “लाखांदूर, पवनी: सायं. 5.30 ते 7 विजा, गारा. वावरातल्या माणसांना आता फोन करा. झाडाखाली, मचाणावर थांबू नका.” तालुक्याचे नाव, घड्याळाची वेळ आणि पाहणाऱ्याने करायचे एक काम, एवढे 120 अक्षरांच्या आसपास बसते. बॉक्समध्ये देवनागरी अक्षरे नसतील तर कंपनीला ती घालायला लावावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पट्टीबरोबर ठरावीक सूर वाजला पाहिजे, म्हणजे आजी निदान नातवाला काय लिहिले आहे ते विचारेल.

प्रश्नकर्त्यांना या हंगामासाठी काय करता येईल, हे आता सांगतो. ग्रामसभेचा ठराव घेऊन तो मार्चच्या मध्यापूर्वी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यावा, आणि त्यात आपल्या भागातील केबल व डिश कंपन्यांकडून तालुकावार बॉक्स-गट बांधून घेण्याची मागणी स्पष्ट शब्दांत करावी, कारण कलम 67 चा उल्लेख असलेला अर्ज सहसा बाजूला ठेवला जात नाही. ते होईपर्यंत चौकातील टपरीवर सामना असेल त्या दिवशी एका जबाबदार माणसाने पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप उघडे ठेवावे. आसपास 20 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यात पडणाऱ्या विजा त्यात दिसतात. वीज जवळ येत असल्याचे दिसताच त्याने टपरीवरचा टीव्ही बंद करावा आणि ग्रामपंचायतीच्या किंवा बुद्धविहाराच्या भोंग्यावरून सांगावे. टीव्ही बंद करण्याचा अधिकार त्याला सर्वांनी आधीच देऊन ठेवावा. नेट नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीस सेकंदांपेक्षा कमी भरले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पत्र्याचे उघडे शेड किंवा वावरातली खोपडी हे पक्के घर नव्हे.

राहिला मोबाइल. 2023 मध्ये देशभर मोठ्या आवाजासह आलेले चाचणी संदेश अनेकांना आठवत असतील. ते सेल ब्रॉडकास्ट पद्धतीचे होते. त्या पद्धतीत संदेश टॉवरवरून त्याच्या कक्षेतील सर्व फोनांवर एकाच वेळी जातो. त्याला फोन नंबर लागत नाही, लोकेशन सुरू असावे लागत नाही, इंटरनेटही लागत नाही, आणि फोनवर सामना सुरू असला तरी तो वर उमटतो. फ्री डिशवाल्या घरासाठी आणि मचाणावरच्या जागल्यासाठी आज हीच वाट आहे. मात्र त्या चाचण्यांच्या आवाजाला कंटाळून पुष्कळांनी फोनच्या सेटिंगमधील आपत्कालीन सूचना बंद करून ठेवल्या आहेत. पुढचा सामना सुरू होण्यापूर्वी आपल्या, काकांच्या आणि गुराख्याच्या फोनमध्ये ती सोय सुरू आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.